खोडावरची नाती

दक्षिण अमेरिकेतल्या सखल, दमट रानात खोडावर बसलेला लिटर्गुसा शोधून सापडत नाही. तो हलला तरच दिसतो. सालीवरच्या दगडफुलाचा एक ठिपकेदार तुकडा अचानक जागा सोडतो, सरसर धावत खोडाला वळसा घालतो आणि पलीकडच्या बाजूला जाऊन सालीला चिकटून बसतो. आपण झाडाभोवती फिरलो की तोही फिरतो. आपल्या आणि त्याच्या मध्ये कायम खोड ठेवतो. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा कीटक म्हणजे आपल्याकडे ज्याला खंडोबाचा किडा किंवा प्रार्थना कीटक म्हणतात त्याचाच अमेरिकेतला भाऊबंद.

आपल्या ओळखीचा प्रार्थना कीटक दबा धरून बसतो. पुढचे दोन काटेरी पाय छातीशी दुमडून तो फांदीवर तासन्‌तास स्थिर राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. लिटर्गुसा मात्र भक्ष्याच्या मागे धावतो. त्याचे अंग वरून दाबल्यासारखे चपटे असते, चालायचे चारही पाय लांब आणि बाजूला फाकलेले असतात, डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात. रंग करडा, तपकिरी, मधूनच हिरवट. कडा पुसट, म्हणजे अंग कुठे संपते आणि साल कुठे सुरू होते ते कळू नये. संकट आले की तो लढायला उभा राहत नाही, पळतो आणि लपतो.

‘शास्त्रज्ञ प्राण्यांची नावे सारखी का बदलतात?’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पाठ केलेले नाव पुढच्या आवृत्तीत नसते, संग्रहालयातली पाटी आणि पुस्तकातले नाव जुळत नाही, आणि माणूस वैतागतो. हा वैताग मी समजू शकतो. पण या बदलांमागे लहर नसते, आणि लिटर्गुसा वंशाची हकिगत त्या तक्रारीला जितके सरळ उत्तर देते तितके प्रार्थना कीटकांतले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आधी थोडी ओळख करून घेऊ. सजीवाच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात: पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. जवळच्या जातींचा वंश, जवळच्या वंशांचे कूल, कुलांचा गण अशी ही उतरंड वर जाते. कार्ल लिनिअसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती काढली, आणि प्राण्यांच्या नावांची अधिकृत मोजणी तिथून सुरू होते. त्या ग्रंथात प्रार्थना कीटक ग्रिलस नावाच्या एका भल्यामोठ्या वंशात, रातकिडे आणि टोळ यांच्या शेजारी बसवलेले आहेत. भारतात आणि श्रीलंकेत आढळणारा, व्हायोलिनसारख्या आकाराचा गोंजिलस हाही लिनिअसला माहीत होता. तोही त्याच गर्दीत आहे. आज प्रार्थना कीटकांचे सगळ्यांत जवळचे आप्त झुरळे आणि वाळवी मानले जातात. झुरळाची मादी आणि प्रार्थना कीटकाची मादी या दोघी अंडी सुटी घालत नाहीत, एका आवरणात बंद करून घालतात, यात त्या नात्याची एक खूण आजही पाहायला मिळते. म्हणजे लिनिअसने केलेल्या मांडणीतही पुढे फेरमांडणी करावीच लागली.

लिटर्गुसा हा वंश १८६९ साली आंरी द सोस्यूर याने स्थापन केला. जिनिव्हाचा हा कीटकशास्त्रज्ञ तरुणपणी मेक्सिकोची वारी करून आलेला होता आणि टोळ, प्रार्थना कीटक, गांधीलमाश्या यांच्यावर त्याने आयुष्यभर लिहिले. भाषाशास्त्र शिकलेल्या मराठी वाचकाला सोस्यूर हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. फर्दिनांद द सोस्यूर हा याच आंरीचा मुलगा. त्याच १८६९ साली आंरीने आणखी एक वंश स्थापन केला: हुंबर्टिएला. हा आशियातला, भारत-श्रीलंकेकडचा. तोही सालीवर राहणारा, चपटा, करडा, पळपुटा.

इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते, आणि त्यात सोस्यूरचा दोष नाही. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभरातून सालीवरचे प्रार्थना कीटक येत राहिले. आफ्रिकेतून थिओपोम्पेला, आशियातून थिओपोम्पा आणि हुंबर्टिएला, ऑस्ट्रेलियातून सिउल्फिना, कॅरिबियन बेटांवरून आणि फ्लोरिडातून गोनाटिस्टा. सगळे एकमेकांसारखे दिसत होते. मग एर्मान्नो जिल्यो-तोस, माक्स बायर वगैरे मोठ्या वर्गीकरणकारांच्या ग्रंथांत लिटर्गुसाच्या नावाने एक उपकूल उभे राहिले आणि सालीवरची ही मंडळी त्यात येऊन बसली. राइनहार्ड एअरमान या जर्मन अभ्यासकाच्या २००२च्या जागतिक सूचीत तर ते स्वतंत्र कूल झाले: लिटर्गुसिडी. चार खंडांवर पसरलेले, एका दृष्टिक्षेपात ओळखू येणारे कूल.

पण त्यांच्यातली ही ओळख दिली होती ती सालीने.

पंढरीच्या वाटेवर सगळ्यांच्या कपाळी बुक्का असतो, गळ्यात तुळशीची माळ असते. म्हणून ते सगळे एका घरातले ठरत नाहीत. खोडावर उघड्यावर जगायचे तर काही गोष्टी कराव्याच लागतात. अंग उंच असले की सावली पडते आणि पक्ष्याला दिसते, म्हणून अंग चपटे. पाय अंगाखाली असले तर चपटेपणाचा उपयोग नाही, म्हणून ते बाजूला फाकलेले. खोडाच्या मोकळ्या पृष्ठभागावर लपायला पान नाही, म्हणून वेग आणि पलीकडे सटकायची सवय. ज्या पिढीत जो कीटक या बाबतीत थोडा उजवा, त्याची पिल्ले थोडी जास्त वाचली. हे आफ्रिकेत घडले, आशियात घडले, ऑस्ट्रेलियात घडले, वेगवेगळ्या पूर्वजांपासून घडले, आणि शेवटी सगळे एकाच साच्यातले दिसू लागले. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. देवमासा आणि मासा यांच्या बाबतीत ती ओळखणे सोपे आहे, कारण देवमाशाला फुप्फुसे आहेत आणि तो पिल्लांना दूध पाजतो. सालीवरचे दोन प्रार्थना कीटक समोर ठेवले तर असा ढळढळीत पुरावा हाताशी नसतो.

मग नाते कुठे शोधायचे? जिथे सालीचा हात पोचत नाही तिथे. प्रार्थना कीटकांच्या वर्गीकरणात नराच्या जननावयवांना फार महत्त्व आहे. पोटाच्या टोकाला असलेले हे लहान, कडक, वाकडेतिकडे तुकडे दोन्ही बाजूंना सारखे नसतात. डावा भाग एका आकाराचा, उजवा दुसऱ्या. साल गुळगुळीत आहे की खडबडीत याचा त्यांच्या घडणीशी काही संबंध नाही. म्हणून बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन नर आत अगदी वेगळे निघू शकतात. त्यासाठी वाळलेल्या नमुन्याचे टोक आधी मऊ करून घ्यावे लागते, अवयव काढून क्षारद्रावणात स्वच्छ करावे लागतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रे काढावी लागतात. चिकाटीचे काम आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिउल्फिनाच्या नरांत तर याहून नवल आढळले: काही जातींत हे अवयव एका बाजूला वळलेले, काही जातींत त्यांचे आरशातले प्रतिबिंब, आणि काही जातींत दोन्ही प्रकारचे नर एकत्र नांदणारे. या शोधावरचा निबंध २०१० साली छापून आला तेव्हा त्याच्या शीर्षकातही सिउल्फिनाचे कूल लिटर्गुसिडी असेच लिहिलेले आहे. जुनी मांडणी अजून टिकून होती, पण पाया हलला होता.

पाया हलवला तो जनुकांनी. गॅव्हिन स्वेन्सन आणि मायकेल व्हायटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००४ साली आणि नंतर अधिक विस्ताराने २००९ साली प्रार्थना कीटकांचे डीएनए तपासले. दुसऱ्या अभ्यासात तीनशेहून अधिक नमुने होते. डीएनएतले बरेचसे बदल कीटक खोडावर राहतो की गवतात याची दखल न घेता साचत जातात, म्हणून वंशावळ लावायला ते उपयोगी पडतात. निकाल असा आला की सालीवरचे कीटक एका फांदीवर आलेच नाहीत. ते वंशवृक्षावर जागोजाग विखुरले गेले. आशियातले सालवासी आशियातल्याच इतर छोट्या प्रार्थना कीटकांजवळ गेले, ऑस्ट्रेलियातले आपल्या शेजाऱ्यांजवळ. एका खंडावरचे एकमेकांपासून वेगळे दिसणारे कीटक एकमेकांचे आप्त निघाले आणि वेगवेगळ्या खंडांवरचे जुळे भासणारे कीटक परके ठरले. गोंडवन नावाचा प्राचीन महाखंड फुटला तेव्हा त्याच्या तुकड्यांबरोबर या कीटकांचे पूर्वजही वेगळे झाले आणि मग प्रत्येक भूमीवर त्यांनी गवत, पान, काटकी, साल अशा जागा नव्याने व्यापल्या, असे या अभ्यासाचे म्हणणे होते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण मला फार आवडते. गोनाटिस्टा हा कॅरिबियन आणि फ्लोरिडातला सालवासी वर आलाच. त्याच बेटांवर एपाफ्रोडिटा नावाचा कीटक आहे. त्याच्या अंगाला वाळक्या पानासारख्या झालरी असतात. तिसरा कॅलिमँटिस, साध्या, सडसडीत अंगाचा. या तिघांना एका जागी ठेवावे असे पाहणाऱ्याच्या मनातही येणार नाही, आणि जुन्या ग्रंथांत ते वेगवेगळ्या कुलांत होते. स्वेन्सन आणि हेन्रिक रोद्रिगेस यांनी २०१७ साली दाखवून दिले की हे तिघे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, आणि त्यांचे पुढचे नाते जवळच्या दक्षिण अमेरिकेशी नसून समुद्रापलीकडच्या जुन्या जगातल्या कीटकांशी आहे. क्रिटेशियस काळात, डायनॉसॉर अजून हयात असताना, ही शाखा कॅरिबियनकडे येऊन रुजली. एक पानासारखा, एक सालीसारखा, एक साधा, आणि तिघे सख्खे. दिसण्यावर विसंबून हे नाते कधीच हाती लागले नसते.

आता पुन्हा लिटर्गुसाकडे. परक्यांना बाजूला केल्यावर अमेरिका खंडातला खरा लिटर्गुसा उरला, पण त्याचीही आतली व्यवस्था कोणी नीट लावलेली नव्हती. स्वेन्सन तोवर अमेरिकेतल्या क्लीव्हलंड निसर्गविज्ञान संग्रहालयात अपृष्ठवंशी प्राण्यांच्या विभागाचे काम पाहू लागले होते. त्यांनी हा वंश मुळापासून तपासायला घेतला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या आठ देशांत त्यांनी स्वतः कीटक गोळा केले आणि दोन डझनांहून अधिक संग्रहालयांतले शेकडो नमुने पाहिले. २०१४च्या मार्चमध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकाने त्यांचा दोनशेहून अधिक पानांचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात १९ नव्या जाती होत्या आणि तीन नवे वंश होते: फुगा, व्हेलॉक्स आणि कॉर्टिकोमँटिस.

नव्या जाती म्हणजे नुकत्याच रानात सापडलेल्या, असे वाटू शकते. इथे तसे नव्हते. कीटकसंग्रहाचा ट्रे उघडला की प्रत्येक कीटक एका टाचणीवर असतो आणि त्याच टाचणीवर खाली कागदाचे चिमुकले तुकडे ओवलेले असतात. पहिल्यावर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. त्याखाली ज्याने ओळख पटवली त्याची चिठ्ठी. पुढे कोणाचे मत वेगळे पडले तर त्याची आणखी एक. जुनी चिठ्ठी काढत नाहीत. ज्या एका नमुन्यावरून जातीचे वर्णन केले जाते त्याला होलोटाइप म्हणतात आणि त्याच्या टाचणीवर बहुधा लाल चिठ्ठी असते. नावाबद्दल वाद झाला की शेवटी त्या कीटकाकडेच परत यावे लागते. लिटर्गुसाच्या नव्या जातींपैकी अनेक अशाच ट्रेमध्ये, १९५०च्या आधी गोळा करून ठेवलेल्या, कोणी न ओळखलेल्या बसल्या होत्या. काहींचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ते जिथून आले तिथे आता शेती किंवा शहरे आहेत. संग्रहालयांना जागा आणि माणसे द्यायची वेळ आली की हात आखडता घेतला जातो. त्या निर्णय घेणाऱ्यांनी हा प्रबंध चाळावा असे मला मनापासून वाटते.

नावे ठेवताना स्वेन्सन यांनी एक जात अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांना, त्यांच्या हवामानबदलावरच्या कामासाठी, अर्पण केली: लिटर्गुसा अल्गोरेई. वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले. दोन जातींना त्यांनी आपल्या दोन मुलींची नावे दिली, टेसी आणि झोई. मला ही दोन जास्त भावतात. वर्षानुवर्षे रानात आणि संग्रहालयात गेलेल्या बापाने मुलींना दिलेली ही भेट पुसली जाणारी नाही, कारण प्राणिनामांच्या नियमांत जातीचे नाव सहसा कायम राहते. वंश बदलला तरी.

तो नियम एका नावावर पाहू. फुगा ॲन्युलिपीस (ओदिने-सेर्व्हिल, १८३९). सेर्व्हिल या फ्रेंच अभ्यासकाने १८३९ साली या जातीला ‘ॲन्युलिपीस’ म्हटले तेव्हा लिटर्गुसा वंश जन्मालाच आला नव्हता. पुढे ती लिटर्गुसात गेली आणि लिटर्गुसा ॲन्युलिपीस झाली. २०१४ साली तिला फुगात हलवले. या साऱ्या प्रवासात दुसरा शब्द तोच राहिला, वर्णन करणाऱ्याचे नाव आणि साल तेच राहिले. त्याभोवतीचा कंस मात्र बोलका आहे: जातीचे वर्णन ज्या वंशात झाले त्या वंशात ती आज नाही, एवढे तो सांगतो. कंस नसेल तर ती मूळच्याच घरात आहे. लिटर्गुसा अल्गोरेईपुढे आज कंस नाही. बायरने १९३१ साली वर्णन केलेली ॲट्रिकॉक्साटा लिटर्गुसातून उचलून कॉर्टिकोमँटिसमध्ये ठेवली गेली आणि बायरच्या नावाभोवती कंस आला. नावे बदलतात अशी तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी हा कंस दाखवतो. जुने काहीही पुसलेले नाही, वाट मागे चालत गेले की प्रत्येक मुक्काम सापडतो.

इथे एक रास्त शंका येते. चारही वंश जवळचे नातलग आहेत, तर सगळ्यांना लिटर्गुसाच म्हणून का ठेवले नाही? तसे ठेवता आले असते. वंशावळीची अट एवढीच असते की गटात एका पूर्वजाचे वंशज यावेत आणि त्यातला कोणी बाहेर राहू नये. मोठा एक गट केला तरी ती पाळली जाते, छोटे चार केले तरी पाळली जाते. कोणती फांदी कोणापासून फुटली हा पुराव्याचा प्रश्न आहे. फांदीच्या कोणत्या पेरावर ‘वंश’ अशी चिठ्ठी लावायची हा अभ्यासकाच्या विवेकाचा. स्वेन्सन यांनी अंगाची घडण आणि जननावयव यांतले फरक ठळक वाटले म्हणून वेगळे वंश केले. उद्या कोणी ते पुन्हा एकत्र केले तर त्यात नवल नाही. आफ्रिकेतला थिओपोम्पेला लिटर्गुसाजवळ परत आणायचा असेल तर मात्र नुसते मत पुरणार नाही, पुरावा उलटावा लागेल. या दोन प्रकारच्या बदलांत गल्लत करणे हे त्या नेहमीच्या तक्रारीचे एक मूळ आहे.

सगळ्या प्रार्थना कीटकांची नवी घडी बसवली ती क्रिस्टियान श्वार्झ आणि रोजे रुआ यांनी, २०१९ साली. जिल्यो-तोसच्या १९२७च्या ग्रंथात सगळ्यांचे मिळून एक कूल होते, बायरच्या १९६४च्या मांडणीत आठ, एअरमानच्या सूचीत पंधरा. श्वार्झ आणि रुआ यांच्याकडे एकोणतीस झाली. आकडा वाढला तो प्रामुख्याने सरमिसळ झालेली मोठी कुले फोडावी लागली म्हणून. लिटर्गुसिडी या नावाखाली आता फक्त अमेरिकेतले काही वंश उरले. थिओपोम्पेला डॅक्टिलोप्टेरिजिडी कुलात गेला, सिउल्फिना नॅनोमँटिडीत, गोनाटिस्टा आपल्या दोन भावंडांसह एपाफ्रोडिटिडीत. हुंबर्टिएला आणि थिओपोम्पा गोनिपेटिडीत आले, जिथे त्यांचे शेजारी आहेत जमिनीवर पळणारे अमँटिससारखे आशियातले छोटे कीटक.

हुंबर्टिएला सह्याद्रीच्या रानातही आहे. पावसाळ्याच्या आसपास रात्री टॉर्च घेऊन खोडे न्याहाळणाऱ्यांना तो भेटतो, आणि जुन्या पुस्तकांत किंवा जुन्या छायाचित्रांखाली त्याचे कूल अजून लिटर्गुसिडी असे लिहिलेले आढळते. ते खोडून गोनिपेटिडी लिहावे. जात ओळखायची असेल तर पाठीचे छायाचित्र पुरत नाही, कारण पाठ सगळ्यांची सालीसारखीच असते. पुढच्या पायाची आतली बाजू, विशेषतः मांडीवरचे काळे डाग आणि काट्यांची रांग, शक्य असेल तर पसरलेले मागचे पंख, आणि नर की मादी याची नोंद, एवढे लागते. कीटक पकडला नाही तरी चालते. तो वळसा घालून पलीकडे जातो तेव्हा दुसऱ्या माणसाने त्या बाजूला उभे राहावे.